इशारा कीं निरोप?

मुंबईच्या गिरणगांवांत ज्या काळीं कापडाच्या गिरण्या चालू होत्या, त्या काळीं पाळीच्या वेळीं भोंगा होत असे. लालबाग-परळच्या चाळींतून झोंपलेल्या हजारों माणसांना तो एकदमच ऐकूं येई, आणि त्याचा अर्थ एकच असे : वेळ झाली. याहून अधिक कांहीं भोंग्याला सांगतां येत नसे. कोणत्या साच्यावर कोणी उभें राहावयाचें हें तो सांगत नसे. आणि ज्याला त्या क्षणीं गाढ झोंप लागली असेल त्याच्यासाठीं तो खोळंबूनहि राहत नसे. त्याच चाळींत कोंकणांतून आलेलें कार्ड मात्र कामगार पाळीवरून परत येईपर्यंत मुकाट्यानें पडून राही. कार्डावर मजकूर असे. दोन कार्डें आलीं तर दोन मिळत, एक मिळत नसे. वाचणारा झोंपला आहे कीं जागा आहे याची कार्डाला कांहीं पर्वा नव्हती.

भोंगा आणि कार्ड यांच्यांतील हा भेद आज एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत रोज विचारांत घ्यावा लागतो. संगणकाच्या पोटांत एकाच वेळीं अनेक कामें चाललेलीं असतात. एक काम कळफलकावरचीं अक्षरें टिपीत असतें, दुसरें तीं पडद्यावर उमटवीत असतें, तिसरें दूरच्या बँकेशीं बोलत असतें. अशा प्रत्येक चालत्या कामाला ‘प्रक्रिया’ म्हणण्याचा प्रघात आहे. या प्रक्रियांना एकमेकींना वरचेवर कांहीं ना कांहीं कळवावें लागतें, आणि कळविण्याच्या मुख्य रीती दोन : इशारा द्यावयाचा, नाहीं तर निरोप लिहून रांगेंत ठेवावयाचा. या विद्येंतील मंडळी पहिल्या रीतीला सिग्नल आणि दुसरीला मेसेज क्यू म्हणतात. कोणत्या प्रसंगीं कोणती रीत स्वीकारावी, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराच्या हत्यारपेटींतला वाटतो. परंतु त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें माणसें प्राणांस मुकलीं आहेत, हें पुढें दिसून येईल.

घरोघरच्या मोबाइल फोनांत या दोन्ही रीती शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. बोलण्याचे पैसे वांचविण्यासाठीं ‘मिस्ड कॉल’ देण्याची जी युक्ति आपल्या देशांत घरोघर रुळली, ती म्हणजे शुद्ध इशारा. एकदां घंटी वाजली कीं खालीं रिक्षा उभी आहे, हा संकेत आधींच ठरलेला असे. घंटीला स्वतःचा असा मजकूर नव्हता. याच फोनावरून जाणारा एसएमएस म्हणजे निरोप. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत गेला. पलीकडचा फोन बंद असेल तर तो मध्यवर्ती केंद्रांत थांबून राहतो आणि फोन चालू झाला कीं पोंचतो. यांतील एक मौज अशी कीं, एसएमएस ज्या वाटेनें जातो ती वाट मुळांत फोनच्या इशाऱ्यांसाठींच आंखलेली होती. त्या अरुंद वाटेंत १४० बाइटांपुरतीच जागा निघाली. म्हणून रोमन लिपींत १६० अक्षरें बसतात आणि देवनागरींत ७०. इशाऱ्याच्या बोळांतून निरोपाची गाडी हाकलली ती अशी. उलट, बंद फोनावर आलेला मिस्ड कॉल वाया जातो ही अडचण लोकांना पुढें जाचूं लागली, तेव्हां टेलिफोन कंपन्यांनीं ‘तुमचा फोन बंद असतांना अमक्या क्रमांकावरून कॉल आला होता’ असा एसएमएस पाठविण्याची सोय केली. म्हणजे इशारा हरवूं नये म्हणून त्याचा शेवटीं निरोपच करावा लागला.

संगणकांतील इशाऱ्याची जात हीच. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें १९६९ सालीं केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची कार्यप्रणाली घडविण्यास आरंभ केला. आजच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीं असलेली लिनक्स ही तिच्याच वळणावर घडलेली आहे. या घराण्यांत प्रत्येक इशाऱ्याला एक क्रमांक असतो, आणि इशारा म्हणजे मुख्यतः तो क्रमांकच. त्यांत मजकूर घालण्याची सोय नाहीं. शिवाय एक क्रमांक पोंचावयाचा राहिला असतांना त्याच क्रमांकाचा दुसरा इशारा आला, तर प्रणाली दोन्ही मिळून एकच धरते. कारण दर क्रमांकामागें ‘आला आहे’ किंवा ‘नाहीं’ एवढीच नोंद करण्यापुरती जागा तिच्यापाशीं असते. दहा वेळां कडी वाजविली तरी आंतल्या माणसाच्या लेखीं ‘दाराशीं कोणी तरी आहे’ इतकेंच, तसा हा प्रकार आहे. पुढें १९९३ सालच्या पोझिक्सच्या नियमांत रांग लावून येणारे आणि लहानसा आंकडा बरोबर आणणारे इशारेहि मान्य झाले. तथापि जुन्या इशाऱ्यांचा स्वभाव बदलला नाहीं.

याचा परिणाम एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. युनिक्समध्यें एक प्रक्रिया आपल्या हाताखालीं दुसऱ्या प्रक्रिया जन्मास घालूं शकते. असें लेकरूं आपलें काम आटोपून मेलें, म्हणजे आईला इशारा मिळतो आणि तिनें त्याची अखेरची विचारपूस करावी अशी अपेक्षा असते. ती होईपर्यंत मेलेल्याचें नांव प्रणालीच्या वहींत तसेंच राहतें. आतां समजा, पांच लेकरें जवळ जवळ एकाच क्षणीं मेलीं. इशारे पांच निघाले, पण आईला पोंचला एक. नवशिक्या कारागिरानें प्रोग्रॅम लिहितांना ‘एक इशारा म्हणजे एक मृत्यु’ असा हिशेब धरला असेल, तर ती एकाचेंच क्रियाकर्म करते आणि उरलेलीं चार तशींच लोंबकळत राहतात. इंग्रजींत त्यांना झोंबी म्हणतात. आपल्याकडे पिशाच्च म्हटलें असतें. दिवसेंदिवस अशीं पिशाच्चें साठतात, प्रणालीच्या वहींतील जागा संपते, आणि एके दिवशीं नवीन प्रक्रिया जन्मासच येत नाहीं. जाणता कारागीर असा हिशेब धरीत नाहीं. इशारा आला म्हणजे तो आईला एवढेंच करावयास लावतो कीं, ‘आणखी कोणी मेलें आहे काय?’ असें उत्तर ‘नाहीं’ येईपर्यंत विचारीत राहावें. इशारा किती वेळां आला याला तो महत्त्वच देत नाहीं. या एका उदाहरणांत इशाऱ्याचें सारें मर्म आहे : तो ‘पाहा’ एवढेंच सांगतो, काय पाहावें व किती पाहावें हें पाहणाऱ्यानें अन्यत्र जाऊन ठरवावयाचें असतें.

इशाऱ्याची दुसरी खोड याहून सूक्ष्म आहे. तो ऐकावयास त्या क्षणीं कोणी तयार नसेल तर तो हवेंत विरतो. एखाद्या दुकानदारानें दाराशीं गिऱ्हाईक नाहीं असें पाहून आंत निजावयास जावें, आणि पाठ फिरविल्यापासून गादीवर अंग टाकीपर्यंतच्या दोन पावलांत गिऱ्हाइकानें टकटक करावी, अशी कल्पना करा. ही टकटक केवळ झोंपलेल्याला जागें करण्यासाठीं आहे. आणि दुकानदार अद्याप झोंपलेलाच नाहीं, म्हणून ती फुकट जाते. मग तो झोंपतो तो कायमचा, आणि गिऱ्हाईक उत्तराची वाट पाहत कायमचें बाहेर. दोन पावलांचें हें अंतर संगणकांत एका सेकंदाच्या लक्षावधीव्या भागाएवढें असतें; त्यामुळें प्रोग्रॅम महिनोगणती बिनबोभाट चालतो आणि एके दिवशीं कारण न दिसतां गोठतो. हॉलंडमधील एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत यावर तोड काढली. आगगाडीच्या हात पडणाऱ्या सिग्नलावरून तिला त्यांनीं सेमाफोर असें नांव दिलें. हा सिग्नल किती वेळां पडला हें लक्षांत ठेवतो. झोंपणाऱ्यानें आधीं हा आंकडा पाहावयाचा. तो शून्याहून अधिक असेल तर झोंपावयाचेंच नाहीं, एक वजा करून कामास लागावयाचें. मजकूर यांतहि नाहीं. पण संख्या आहे. इशारा आणि निरोप यांच्या मधली ही पायरी होय.

मजकुरासकट निरोप रांगेंत ठेवण्याची रीत प्रणालीच्या पायांतच घालण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न डेन्मार्कांत झाला. तेथील रेग्नेसेंट्रालेन या संस्थेचा आरसी ४००० हा संगणक पोलंडांतील पुवावी येथील रासायनिक खतांच्या कारखान्यावर देखरेख करण्यासाठीं बसविण्यांत आला होता. या संगणकासाठीं पेर ब्रिंच हान्सेन आणि त्यांचे सहकारी यांनीं जी प्रणाली तयार केली, तिचें वर्णन १९७० सालीं प्रसिद्ध झालें. तींत प्रक्रियांनीं एकमेकींशीं बोलण्याच्या क्रिया मुख्यतः चार होत्या : निरोप पाठविणें, निरोपाची वाट पाहणें, उत्तर पाठविणें आणि उत्तराची वाट पाहणें. प्रत्येक प्रक्रियेच्या नांवानें एक रांग असे. निरोप आला तेव्हां ती दुसऱ्या कामांत असली तरी बिघडत नसे; मोकळी झाली म्हणजे ती रांगेंतला पहिला निरोप उचली. ही रचना साधी आणि सोज्वळ आहे, आणि आज मोठमोठ्या बँका व बाजारपेठा ज्या रांगांवर चालतात त्यांच्या कुळाचा शोध घेऊं लागल्यास असल्याच घराशीं जाऊन पोंचावें लागतें. ब्रिंच हान्सेन यांनीं आणखी एक गोष्ट ओळखली होती. निरोप ठेवावयास खोकीं लागतात, आणि खोकीं अपरिमित नसतात. म्हणून प्रत्येक प्रक्रियेच्या वांट्याला तीं मोजकींच दिलेलीं होतीं. ही गोष्ट पुढें पुन्हां निघेल.

आतां प्राणांशीं गांठ कशी पडली तें पाहूं. कॅनडांत तयार झालेलें थेरॅक-२५ नांवाचें किरणोपचाराचें यंत्र कर्करोगाच्या रुग्णांसाठीं वापरलें जाई. १९८५ ते १९८७ या काळांत अशा यंत्रांपासून सहा रुग्णांना भयंकर मात्रेचे किरण लागले आणि त्यांतील कांहीं मरण पावले. या यंत्राचे प्रयोग दोन प्रकारचे. एकांत इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत थेट रुग्णाच्या अंगावर सोडीत. दुसऱ्यांत सुमारें शंभर पट प्रखर झोत मध्यें ठेवलेल्या धातूच्या लक्ष्यावर आपटून त्यापासून क्ष-किरण काढीत. प्रखर झोत चालू आणि मध्यें लक्ष्य मात्र नाहीं, असा योग कधींहि येतां कामा नये, हें उघड आहे.

टेक्सास संस्थानांतील टायलर या गांवीं २१ मार्च १९८६ रोजीं नेमका तोच योग आला. यंत्र चालविणाऱ्या बाईचा हात सरावानें जलद झालेला होता. इलेक्ट्रॉनांसाठीं ‘ई’ दाबण्याच्या ऐवजीं तिनें क्ष-किरणांचें ‘एक्स’ दाबलें. चूक लगेच ध्यानांत आल्यामुळें वर जाऊन ती दुरुस्त केली, आणि झपाट्यानें खालीं येऊन यंत्र सुरू केलें. पडद्यावर सारें यथास्थित दिसत होतें. परंतु यंत्राच्या आंत काय घडलें? कळफलक सांभाळणारी प्रक्रिया आणि उपचार सांभाळणारी प्रक्रिया यांच्यांत बोलणें चालत असे तें दोघींना दिसणाऱ्या सामाईक जागेंतील खुणांनीं. अशा एका खुणेचा अर्थ होता, ‘माहिती भरून झाली.’ पहिल्या वेळीं बाई शेवटच्या ओळीपर्यंत पोंचतांच ती खूण उभी राहिली. ती पाहून उपचाराच्या प्रक्रियेनें ‘एक्स’ वाचलें आणि त्याप्रमाणें चुंबकांची जुळवाजुळव आरंभिली. तिला सुमारें आठ सेकंद लागत. बाईनें दुरुस्ती केली ती या आठ सेकंदांत. आणि त्या अवधींत झालेला बदल या प्रक्रियेच्या नजरेंतून सुटला, कारण बदलाकडे लक्ष ठेवण्याची जी खूण होती ती पहिल्याच फेरींत खालीं पडलेली होती. यंत्रांतील फिरती चकती बसविणाऱ्या भागानें मात्र दुरुस्त केलेलें ‘ई’ वाचलें आणि लक्ष्य बाजूला सारलें. अर्धें यंत्र जुन्या आज्ञेवर चाललें होतें, अर्धें नव्या. रुग्णाला १८० रॅड द्यावयाचे होते. एका सेकंदाच्या आंत त्याला १६,५०० ते २५,००० रॅड लागले असावेत असा अंदाज पुढें निघाला. पांच महिन्यांनीं तो मरण पावला. ११ एप्रिल रोजीं त्याच खोलींत, त्याच घाईच्या दुरुस्तीनें, दुसरा रुग्ण बळी पडला.

नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनीं या अपघातांचा जो सविस्तर शोध १९९३ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत सारें खापर प्रोग्रॅममधील एखाद्या चुकीवर फोडूं नये असा इशारा दिलेला आहे, आणि तो रास्त आहे. थेरॅक-२० या आधींच्या यंत्रांतहि ही चूक होती. परंतु त्यांत धोका टाळणाऱ्या स्वतंत्र विद्युत्-कड्या असल्यामुळें कोणास इजा झाली नाहीं. नव्या यंत्रांतून त्या कड्या काढून टाकून सर्व भिस्त प्रोग्रॅमवर ठेवण्यांत आली, हें मूळ पाप. तरीपण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. ‘माहिती भरून झाली’ ही खूण कोणती माहिती भरून झाली हें सांगत नव्हती. माहिती एका जागीं, खूण दुसऱ्या जागीं. आणि खूण पाहिल्यावर माहिती बदलली तर खुणेला त्याचा पत्ता नाहीं. त्याऐवजीं सर्व आंकडे भरलेला एकच कागद निरोप म्हणून पुढें गेला असता, यंत्राच्या दोन्ही अंगांनीं त्याच एका कागदाबरहुकूम काम केलें असतें, आणि दुरुस्ती म्हणजे दुसरा स्वतंत्र निरोप असा नियम असता, तर अर्धें जुनें आणि अर्धें नवें हा गोंधळ निदान या वाटेनें शिरला नसता.

एवढें ऐकल्यावर कोणालाहि वाटेल कीं, मग सर्वत्र निरोपांच्या रांगाच कां लावूं नयेत? पुष्कळ कारागिरांना तसें वाटतेंच. अलीकडच्या काळांत तर रांग हें सर्व रोगांवरचें एकच औषध असल्यासारखें वापरलें जातें. परंतु रांगेचा स्वभाव इशाऱ्याहून कपटी आहे. इशारा हरवला तर काम अडतें आणि निदान बोंब तरी होते. रांग तुंबली तर बराच वेळ कोणालाच कांहीं कळत नाहीं. पाठविणाऱ्याला ‘निरोप मिळाला’ अशी पोंच ताबडतोब मिळते आणि तो निश्चिंत होतो. निरोप मात्र मागें पडून असतो. दर सेकंदास ११० निरोप येत आहेत आणि १०० निकालांत निघत आहेत, असें धरा. फरक किरकोळ वाटतो. तासाभरांत मात्र ३६,००० निरोप साठतात, आणि नव्यानें येणाऱ्याला सहा मिनिटें तिष्ठावें लागतें. रांगेंत सरासरीनें किती जण उभे असतात हें येण्याचा वेग आणि तिष्ठण्याचा काळ यांच्या गुणाकाराएवढें असतें, हा नियम जॉन लिटल यांनीं १९६१ सालीं सिद्ध केला. टेलिफोनच्या गर्दीचें गणित तर कोपनहेगनच्या एर्लांग यांनीं १९०९ सालींच मांडावयास सुरुवात केली होती. म्हणजे रांगेचे गुणदोष संगणकाच्या जन्माआधींपासून ठाऊक आहेत. ते संगणकवाल्यांनीं पुन्हां पुन्हां नव्यानें शोधून काढावे, हें नवल.

म्हणून रांगेला अंत असावा लागतो, आणि तो अंत आला म्हणजे काय करावयाचें हें आधींच ठरवावें लागतें. लिनक्समध्यें पोझिक्स पद्धतीची निरोपांची रांग कांहीं न सांगतां उघडली, तर तींत सामान्यतः दहा निरोप मावतात, आणि एका निरोपाची कमाल लांबी ८,१९२ बाइट असते. अकराव्याचें काय? पाठविणाऱ्याला थांबवून धरावयाचें, ‘जागा नाहीं’ म्हणून परत लावावयाचें, कीं जुना निरोप फेंकून नव्याला जागा द्यावयाची? यांपैकीं कांहीं तरी एक करावें लागतेंच. ज्यानें हें ठरविलें नाहीं त्याच्या वतीनें तें यंत्र ठरवितें, आणि बहुधा ऐन गर्दीच्या वेळीं ठरवितें. इशाऱ्याला हा प्रश्नच पडत नाहीं, कारण तो कांहीं साठवीतच नाहीं.

रांगेचें आणखी एक दुखणें पैशाच्या व्यवहारांत फार जाणवतें. निरोप घेणाऱ्यानें तो वाचला, काम केलें, आणि ‘झालें’ अशी पोंच देण्यापूर्वींच तो बंद पडला, तर रांगेच्या दृष्टीनें निरोप अजून बाकीच आहे. ती तो दुसऱ्याच्या हातीं पुन्हां देते. ‘अमक्याच्या खात्यांतून ५०० रुपये वजा करा’ असा तो निरोप असेल तर हजार जातात. पोंच आधीं देऊन काम मागाहून करावें, तर मधल्या अपघातांत निरोप नाहींसाच होतो. या पेंचांतून सुटण्यासाठीं चांगल्या प्रणालींत प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतात, आणि तो क्रमांक वहींत आधींच चढलेला आढळला तर दुसऱ्या वेळीं कांहीं न करतां नुसती पोंच देतात. वाण्याच्या दुकानांतली खतावणी लिहिणाऱ्या दिवाणजीला हें कोणी शिकवावें लागत नसे.

शिवाय कांहीं गोष्टी अशा आहेत कीं त्यांनीं रांगेंत उभें राहूंच नये. चालू प्रोग्रॅम भलतेंच कांहीं करूं लागला, तर युनिक्सच्या कळफलकावर कंट्रोल आणि ‘सी’ या कळा एकदम दाबतात. त्यानें ‘थांब’ असा इशारा जातो. हा ‘थांब’ जर हजार निरोपांच्या मागें क्रमानें उभा राहिला, तर थांबावयाचें काय उरलें? आग लागल्याची घंटा टपालानें पाठवीत नाहींत. येथें इशाराच हवा, आणि तो दोनदां वाजून एकदांच ऐकूं आला तरी कांहीं बिघडत नाहीं.

प्रत्यक्षांत उत्तम रचना बहुधा दोहोंची सांगड घालते. पत्रें पेटींत पडतात आणि पेटीवर एक घंटा असते. घंटा केवळ ‘पेटी पाहा’ एवढेंच सांगते. दहा पत्रांना एकदांच वाजली तरी चालतें, उगाच एखादे वेळीं वाजली तरी चालतें. मात्र पाहणाऱ्यानें घंटेच्या मोजणीवर विश्वास न ठेवतां पेटी रिकामी होईपर्यंत पाहिलें पाहिजे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत मेसा या भाषेच्या अनुभवावरून बटलर लॅम्प्सन आणि डेव्हिड रेडेल यांनीं १९८० सालीं हाच आग्रह धरला. जागें केलें म्हणजे काम तयार असलेंच पाहिजे असें नाहीं. जागें करणें ही केवळ सूचना समजून जागा झालेल्यानें परिस्थिति स्वतः पुन्हां तपासावी, असें त्यांचें म्हणणें. त्यापूर्वीं १९७४ सालीं टोनी होअर यांनीं इशाऱ्याला अधिक मान दिला होता. इशारा देणाऱ्यानें त्याच क्षणीं सूत्रें जागें होणाराच्या हातीं द्यावयाचीं, अशी त्यांची योजना होती. ती गणितानें सिद्ध करावयास सोपी आहे. पण आज नित्य व्यवहारांत बहुतेक ठिकाणीं मेसाचीच चाल चालते. ज्याला आपली घंटा खोटी निघण्याची धास्ती वाटत नाहीं त्याची झोंप अधिक सुखाची असते, असें दिसतें.

निवडीचा हा प्रश्न एकाच छपराखालीं दोन परस्परविरुद्ध उत्तरें कशीं घेतो, हें पाहावयाचें असल्यास शेअरबाजारासारखें ठिकाण नाहीं. मुंबईंत जन्मलेले विवेक रणदिवे यांनीं १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही संस्था चालविली, आणि तिनें केलेल्या ‘इन्फर्मेशन बस’ या रचनेमुळें न्यूयॉर्कच्या दलालांच्या दिवाणखान्यांत बाजारभावांची जणूं दवंडी पिटली जाऊं लागली. ज्याला ज्या विषयाची दवंडी ऐकावयाची असेल त्यानें तेवढें नांव नोंदवावें, पिटणाऱ्याला ऐकणाऱ्यांची यादी ठेवण्याचें कारण नाहीं. टिब्को ही कंपनी १९९७ सालीं याच वंशांत जन्मास आली. भावाच्या बाबतींत दवंडी शोभते. एखाद्या शेअरचा भाव एका सेकंदांत वीस वेळां बदलला आणि पाहणाऱ्याच्या पडद्यावर शेवटचे दोनच उमटले, तर त्याचें नुकसान होत नाहीं. उलट मधले अठरा शिळे भाव रांगेनें वाचीत बसला तर मात्र होतें, कारण तेवढ्या वेळांत खरा भाव पुढें निघून जातो.

पण त्याच पडद्यावरून तो जी ऑर्डर देतो तिची गोष्ट निराळी. मुंबईच्या जुन्या शेअरबाजारांतील हातवारे आणि आरडाओरड १९९५ सालीं मागें पडून व्यवहार पडद्यावर येऊं लागले. रिंगणांत ओरडलेला शब्द कोणी ऐकला, कोणी ऐकला नाहीं, यावरून भांडणें होऊं शकत. पडद्यावरच्या ऑर्डरीला क्रमांक आणि वेळ चिकटते. शंभर शेअर विकण्याच्या दोन ऑर्डरी दिल्या तर त्या दोनच राहिल्या पाहिजेत. त्यांची एक होतां कामा नये आणि तीनहि होतां कामा नयेत. प्रथम भाव पाहावयाचा, आणि भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधीं आली त्याला आधीं मान द्यावयाचा, असा नियम असल्यामुळें क्रमालाहि पैशाचें मोल आहे. एकाच दलालाच्या टेबलावर डावीकडे शिळें झालें कीं फेंकून द्यावयाचे भाव वाहत असतात, आणि उजवीकडे एकहि न गाळतां सांभाळावयाच्या ऑर्डरी. दुपारीं साडेतीन वाजतां बाजार मिटतो. त्या दिवसापुरत्या दिलेल्या पण न जुळलेल्या ऑर्डरी संगणक आपण होऊन रद्द करतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांची रांग पुन्हां पहिल्यापासून लागते.